मोठा फ्यूज घालू नका

गाडीत नवं काही बसवणाऱ्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. टचस्क्रीन असो, रिव्हर्स कॅमेरा असो, डॅशकॅम, अ‍ॅम्प्लिफायर किंवा फॉग लॅम्प असो, वस्तू बसवल्यावर फ्यूज उडाला तर त्या जागी त्याहून मोठा फ्यूज घालू नका, आणि दुसऱ्या कुणाला घालूही देऊ नका. बाकीचं पुढे सांगतोच. पण सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी ध्यानात ठेवा.

मी पुण्यातल्या वारज्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. हायवेचा सर्व्हिस रोड, माळवाडी, गणपती माथा, पलीकडे शिवणे आणि उत्तमनगर, या पट्ट्यातल्या गाड्या माझ्याकडे येतात. त्यातल्या बहुतेक कंपनीतून निघाल्या तेव्हा ठणठणीत होत्या. नंतर कुणीतरी डॅशबोर्ड उघडला, दोन वायरी सोलल्या, पीळ दिला, काळी टेप गुंडाळली आणि मालकाला सांगितलं, "साहेब, बिनधास्त जा." पावसाळा सरला की त्याच गाड्या आमच्या दारात उभ्या राहतात. एखादीची बॅटरी उतरलेली असते, एखादीचा स्क्रीन मध्येच बंद पडतो, आणि एखादीच्या डॅशबोर्डमागून जळका वास येत असतो.

आधी फ्यूजचं सांगतो. गाडीतले चपटे फ्यूज रंगावरून ओळखता येतात. साडेसात अ‍ॅम्पिअरचा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. फ्यूज हा बसवलेली वस्तू वाचवायला असतो असं बहुतेकांना वाटतं. तो असतो वायर वाचवायला. वायर न तापता जेवढा करंट वाहू शकते, त्याच्या आत फ्यूज वितळला पाहिजे, एवढा साधा हिशोब आहे. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीवर ३० चा हिरवा फ्यूज घातला की हा हिशोब उलटा होतो. शॉर्ट झाला तर आधी वायर तापते, तिचं प्लॅस्टिक वितळतं, शेजारच्या वायरीही त्यात सापडतात, आणि त्यांच्या खाली असतो कार्पेट आणि फोम. फ्यूज मात्र शाबूत राहतो. शिवाय आकडा ओलांडला की फ्यूज त्याच क्षणी उडतो असंही नाही. थोड्या जादा करंटला तो काही मिनिटंसुद्धा तग धरतो.

एक गृहस्थ फॉग लॅम्प बसवलेली गाडी घेऊन आले होते. सपाट रस्त्यावर सगळं ठीक, स्पीडब्रेकरवर गाडी आदळली की फ्यूज जायचा. दोनदा लाल फ्यूज गेल्यावर कुणीतरी तिथे हिरवा घालून दिला होता. "दादा, तेव्हापासून फ्यूज गेला नाही, फक्त पायाशी जरा गरम वाटतं," ते म्हणाले. मी आधी बॅटरीची मायनस काढली आणि दोन्ही लॅम्पचे कपलर सोडवले. लॅम्प जोडलेले असतील तर त्यांच्या फिलामेंटमधून मीटरला वाट मिळते आणि शॉर्ट नसतानाही मीटर फसवतो. मग मीटर बझरवर ठेवला, एक टोक लॅम्पच्या प्लस वायरीला, दुसरं बॉडीला. शांत. मग वायर हाताने हलवत हलवत मागे येत गेलो. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यापाशी आलो आणि मीटर वाजायला लागला. पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतली होती, पण भोकात रबरी ग्रोमेट नव्हतं. पत्र्याच्या धारेने वायरीचं आवरण खरवडून तांबं उघडं पडलं होतं, आणि गाडी आदळली की ते तांबं पत्र्याला लागायचं. आतल्या बाजूला वायरीचं आवरण मऊ होऊन कार्पेटच्या खालच्या थराला चिकटलं होतं. वायर ओढली तर कार्पेटचे धागे तिच्यासोबत निघून आले.

लाल फ्यूज दोनदा उडून हेच सांगत होता. दोन ५५ वॅटचे बल्ब मिळून ९ अ‍ॅम्पिअरच्या आसपास ओढतात, आणि १० चा फ्यूज त्यांच्यासाठी मुळातच काठावरचा होता, हे खरं. पण रस्ता खडबडीत असला की फ्यूज जातो आणि एरवी जात नाही, हे कळल्यावर वायर कुठेतरी घासतेय हे उघड आहे. बाकी मग नवीन वायर, भोकात ग्रोमेट, वरून नालीदार पाइप, रिले, आणि वायरीच्या जाडीला झेपेल असा १५ चा फ्यूज, एवढंच काम होतं.

फ्यूज कुठे बसवायचा, यालाही तेवढंच महत्त्व आहे. बॅटरीवरून थेट वायर घेतली असेल तर फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यात फ्यूज आहे म्हणून बॅटरीजवळ घालत नाहीत, हे मी फार वेळा बघतो. डिकीतल्या फ्यूजने पाच मीटरच्या वायरीला काहीच संरक्षण मिळत नाही. ती वायर वाटेत कुठेही चेपली तर पूर्ण बॅटरी तिच्यात रिकामी होणार. आणि बारा व्होल्टची बॅटरी ही लहान गोष्ट नाही. तिचा झटका बसत नाही म्हणून लोकांना तिची भीती वाटत नाही, पण सेल्फ मारताना छोटी गाडीसुद्धा शंभराच्या वर अ‍ॅम्पिअर ओढते. बॅटरीपाशी काम करताना अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. प्लसवर पाना आणि बॉडीला अंगठी टेकली तर बोट भाजायला क्षणही लागत नाही. कुठलंही काम सुरू करताना आधी मायनस काढायची आणि शेवटी लावायची, ही सवय अंगात मुरू द्या.

आता करंट कुठून घ्यायचा. गाडीत दोन प्रकारचा प्लस असतो. एक कायमचा, चावी काढली तरी चालू राहणारा. दुसरा चावीवरचा. टचस्क्रीन आणि म्युझिक सिस्टीमच्या मागे बहुधा पिवळी वायर कायमच्या प्लसची असते, लाल चावीवरची, काळी अर्थची. स्पीकरच्या पांढऱ्या, करड्या, हिरव्या, जांभळ्या जोड्या असतात आणि ज्या वायरीवर काळी रेघ ती मायनस. पण हे रंग सिस्टीमच्या बाजूचे. गाडीच्या बाजूचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगाला रंग जोडणं हा धोका आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत कपलर नीट बसतो, पण कायमचा आणि चावीवरचा प्लस अदलाबदल झालेला असतो. मग चावी काढली की घड्याळ, रेडिओ स्टेशनं सगळं पुसलं जातं आणि लोक सिस्टीम खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडतात. अशा वेळी मीटर लावून चावी काढलेली आणि चावी फिरवलेली अशा दोन्ही स्थितींत कोणत्या वायरीवर किती येतंय ते बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आणि स्पीकरची मायनस बॉडीला कधी जोडू नका. जुन्या टेपमध्ये ते चालायचं, आताच्या सिस्टीममध्ये आतला आयसी जातो.

कायमच्या प्लसवर डॅशकॅम जोडून दिल्याने बॅटरी उतरलेल्या गाड्या हल्ली खूप येतात. घरून काम करणारी माणसं गाडी शुक्रवारी लावतात ती थेट मंगळवारी काढतात, आणि गाडी सुरूच होत नाही. एकांनी तर त्यापायी बॅटरी नवीन घेतली होती, आणि तीही तशीच उतरली. हिशोब मांडून बघा. पार्किंग मोडमधला कॅमेरा ३०० मिलिअ‍ॅम्पिअर घेत असेल तर दिवसाला ७ अ‍ॅम्पिअर-अवरच्या वर जातात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची. तीन दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी.

हे घरी तपासता येतं. मीटर १० अ‍ॅम्पिअरच्या खाचेत लावून बॅटरीची मायनस आणि तिची केबल यांच्या मध्ये घाला. बॉनेट आणि दरवाजे उघडे असतील तर त्यांची कुलपं स्क्रू-ड्रायव्हरने आत ढकलून ठेवा, म्हणजे गाडीला सगळं बंद आहे असं वाटेल. चावी गाडीपासून लांब ठेवा. आणि थांबा. आजच्या गाड्यांतली कंट्रोल युनिट झोपायला पंधरा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत घेतात. त्यानंतर ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत आकडा आला तर ठीक. ३०० दिसला तर नव्या वस्तूचा फ्यूज आधी काढून बघा. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका. आणि माप झालं की लाल वायर १० अ‍ॅम्पिअरच्या खाचेतून काढून परत व्होल्टच्या खाचेत घाला, कारण ती तशीच राहिली आणि तुम्ही पुन्हा बॅटरीवर व्होल्ट मोजायला गेलात तर मीटरमधूनच शॉर्ट होतो. नवी बॅटरीही उतरलेल्या त्या गाडीत डॅशकॅमचा फ्यूज काढल्यावर आकडा ३०च्या आसपास आला. कॅमेरा चावीवरच्या फ्यूजवर घेतला आणि विषय संपला. ज्यांना पार्किंगमध्ये रेकॉर्डिंग हवंच आहे त्यांनी बॅटरी ठरावीक व्होल्टला आली की स्वतः बंद होणारं किट घ्यावं.

फ्यूज बॉक्समधून करंट घ्यायला फ्यूज टॅप वापरा, वायर कापू नका. फक्त टॅप उलटा बसला तर नव्या वस्तूचा भारही जुन्या फ्यूजवरच पडतो, तेवढं बघून घ्या. आणि टॅप लावायला चार्जिंग सॉकेटसारखा फ्यूज निवडा. एअरबॅग, एबीएस, इंजिनचं कंट्रोल, पॉवर स्टिअरिंग यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही.

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ अर्थमध्ये निघतं, आणि बघायला जातं ते सगळ्यात शेवटी. गाडीची सगळी बॉडीच मायनसची वायर आहे. पण रंगावर, गंजावर, प्लॅस्टिकच्या ब्रॅकेटवर स्क्रू पिळून ती मिळत नाही. स्क्रीन आवाज वाढवला की बंद पडतो, हेडलाइट लावले की रेडिओत किर्र आवाज येतो, इंजिनचा वेग वाढेल तशी शिट्टी चढते, अशा वेळी लोक स्क्रीन बदलायला निघतात. त्याआधी हे करा. मीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, दुसरं स्क्रीनच्या मागच्या काळ्या वायरीवर. स्क्रीन चालू, आवाज मोठा, हेडलाइट लावलेले. आकडा पॉइंट दोनच्या आत पाहिजे. मध्यंतरी एका गाडीत तो पॉइंट नऊ होता, म्हणजे जवळपास एक व्होल्ट परतीच्या वाटेतच जिरत होता. स्क्रू डॅशबोर्डच्या रंग लावलेल्या पट्टीवर होता. ती जागा घासून चकचकीत केली, लग क्रिंप करून दाते असलेला वॉशर घातला, घट्ट आवळलं, वर जरासं ग्रीस. आकडा शून्याजवळ आला आणि स्क्रीनला काहीच झालं नव्हतं हे मालकांना पटलं.

वस्तू बंद असताना हे माप घेतलंत तर ते खोटं येतं. करंट वाहतच नसेल तर व्होल्ट गळतील कुठून? ह्याच कारणाने मीटर एकटा पुरत नाही. वायरीची एक तार शिल्लक असली तरी मीटर ऐटीत बारा दाखवतो, आणि दिवा लावला की तो पेटत नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी आणि चिमटे, एवढं जवळ ठेवा. तो पावणेदोन अ‍ॅम्पिअर ओढतो आणि वायरीची लायकी लगेच कळते. मात्र हा बल्ब कंट्रोल युनिटच्या बारीक वायरींवर, एकमेकींना पीळ घातलेल्या जोड्यांवर आणि पिवळ्या कपलरवर कधीच लावायचा नाही. पीळ घातलेल्या जोड्यांतून गाडीची युनिट एकमेकांशी बोलत असतात. पिवळे कपलर आणि पिवळी नळी एअरबॅगची. डॅशकॅमची वायर पुढच्या खांबातून खाली आणताना तिथे पडद्यासारखी एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे. पुढून गेली तर ती एअरबॅगच्या उघडण्याच्या वाटेत येते.

जोडाबद्दल मी हट्टी आहे. पीळ आणि काळी टेप हा जोड नाही. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत डॅशबोर्ड इतका तापतो की टेपचा गोंद पातळ होऊन टेप सुटते, आणि जून लागला की त्याच जागी ओल शिरते. वायरीला चावा घेऊन बसणारे निळे-लाल झटपट क्लिपही तसेच, आतल्या तारा तुटतात. नीट क्रिंप केलेली स्लीव्ह आणि वरून हीट श्रिंक. हॅचबॅकच्या मागच्या दरवाजाला कॅमेरा लावत असाल तर वायर बिजागराजवळच्या रबरी नळीतूनच न्या आणि थोडी सैल सोडा, नाहीतर दार उघड-झाक करून ती तिथेच तुटते. काही गाड्यांत रिव्हर्सच्या दिव्याला तुटक करंट येतो आणि त्यावर जोडलेला कॅमेरा फडफडतो. तिथे कॅमेरा बदलून उपयोग नाही, फिल्टर किंवा रिले लागतो.

वायरही बघून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर सर्रास विकली जाते. ब्लेडने तार खरवडा, आत चांदीसारखी दिसली तर ती घेऊ नका. अस्सल तांब्याच्या एक चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर वायरीतसुद्धा १० अ‍ॅम्पिअरला पाऊण व्होल्टच्या वर गळती होते, मग मुलाम्याच्या वायरीचं काय होत असेल ते बघा. सुटे भाग नाना पेठेत आणि मीटर, लग, स्लीव्ह बुधवारात तपकीर गल्लीत मिळतात. साधा मीटर काहीशे रुपयांत येतो आणि कामाला पुरतो.

दिव्यांबद्दल एक नागरिक म्हणूनही सांगायचं आहे. डुक्कर खिंडीकडून रात्री येताना समोरच्याच्या एलईडीने डोळे दिपतात, हे आपण सगळे रोज सोसतो. हेडलॅम्पची काच आणि आरसा एका ठरावीक जागी असलेल्या फिलामेंटसाठी बनवलेला असतो. त्यात बाजारातला एलईडी घातला की प्रकाश रस्त्यावर पडायचा सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडीचे दिवे चाचण्यांतून पास होऊनच रस्त्यावर येतात. अशा चाचण्या करणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. शंभर वॅटचे हॅलोजन घातले तर होल्डर वितळतो, हे तर मी कितीदा हातात धरून दाखवलं आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

विम्याचं विसरू नका. गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या इलेक्ट्रिक वस्तूंची पॉलिसीत वेगळी नोंद करता येते, त्याला आयएमटी २४ म्हणतात. वस्तूच्या किमतीवर साधारण चार टक्के जादा हप्ता पडतो. नोंद नसेल तर चोरीला गेलेल्या स्क्रीनचे पैसे मागायला जागा उरत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर न कापता कपलरला कपलर जोडणारं हार्नेसच मागा. थोडं महाग पडतं, पण वायर कापली की पुढच्या प्रत्येक बिघाडाला सर्व्हिस सेंटर तिच्याकडेच बोट दाखवतं.

चालत्या गाडीत जळका वास आला तर "घरी जाऊन बघू" म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या. बॉनेटखालून किंवा डॅशबोर्डमधून धूर येत असेल तर बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. १०१ किंवा ११२ ला फोन करा. हायवेवर असाल तर १०३३ आहे.

आणि दुकानात बसून चहा पीत वाट बघू नका. डॅशबोर्ड बंद व्हायच्या आधी जाऊन उभे राहा. करंट कुठल्या फ्यूजवरून घेतला, नवा फ्यूज किती अ‍ॅम्पिअरचा आणि कुठे आहे, अर्थ कुठल्या बोल्टला लावला, हे विचारा. काम नीट केलेला मुलगा आनंदाने दाखवेल. प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो काढा आणि बिलाच्या मागे फ्यूजचा आकडा आणि जागा लिहून घ्या. ते बिल गाडीच्या कागदपत्रांत ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा नव्या मालकाला किल्लीबरोबर द्या.